घोडे आत की बाहेर

घोडा थंडीने मरत नाही. हे वाक्य मी भोपाळात इतक्या वेळा म्हटलं आहे की घरची मंडळी ते माझ्या नावाऐवजी वापरतात. मी फोनवर असले आणि कुणी विचारलं की बाई कुठे आहेत, तर स्वयंपाकघरातून उत्तर जातं, "आत आहेत. घोडा थंडीने मरत नाही, चाललंय."

मी पशुवैद्यक. छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली तेव्हा कचेरीच्या फायलींबरोबर माझे वडीलही आले. फायली परत गेल्या नाहीत, तसे आम्हीही राहिलो. माझी नोकरी सरकारी. तिच्यात गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि अधिकाऱ्यांची कुत्री. घोडे वाट्याला आले ते निवृत्तीनंतर. कोलार रोडच्या पार टोकाला, जिथे कॉलन्या संपून थोडी शेतं अजून उरली आहेत, तिथे घोडेस्वारी शिकवणारा एक छोटा क्लब आहे. नऊ घोडे, एक मोठं कुरण आणि विटांच्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची पागा. आठवड्यातून दोनदा जाऊन घोडे तपासायचे, एवढंच काम. गुडघे धरलेल्या बाईला झेपेल असं. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं.

तिथे दोन माणसं भेटली. पहिले बन्नेमियाँ, क्लबचे मोतद्दार. मोतद्दार म्हणजे घोड्याला चारा-पाणी देणारा, खरारा करणारा, खुरापासून आयाळीपर्यंत सगळं बघणारा माणूस. वय सत्तरच्या आसपास, त्यांचे वडीलही हेच काम करत. त्यांचं मत विचारलं की ते आधी घोड्याकडे बघायचे, मग आभाळाकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणायचे की डॉक्टर तो आप हैं. हे कौतुक आहे की तक्रार, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

दुसरे पोतनीससाहेब, क्लबचे अध्यक्ष. आयुष्य कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेलं, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये मुलं वाढली, मुलं परदेशी गेली. पत्नी वारल्यावर वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हे गृहस्थ घोड्यावर बसायला शिकले. शिकवलं मैनेने. मैना ही गुळाच्या रंगाची म्हातारी घोडी, तेव्हाच विशीला टेकलेली. तिने त्यांना एकदाही पाडलं नाही. ते स्वतः तीन-चार वेळा पडले, पण त्यात मैनेचा काही हात नव्हता. ते खाली पडले की ती थांबायची आणि ते पुन्हा चढेपर्यंत गवत खायची. रोज सकाळी साडेसातला साहेब मैनेवरून कुरणाला दोन फेऱ्या मारत, आणि त्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर जे असे ते मी दुसऱ्या कुठल्या वेळी पाहिलं नाही.

त्या वर्षी जानेवारीत भोपाळला शीतलहर आली. धुकं असं की समोरचा स्कूटरवाला आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. प्रशासनाने शाळांना सुट्टी दिली. त्याच दिवशी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोतनीससाहेबांचा तक्ता आला. पारा दहाच्या खाली तर घोडे आत. सातच्या खाली तर आत आणि अंगावर झूल. पाचच्या खाली तर दोन झुली, दारं बंद, खिडक्यांना गोणपाट. दुपारी बारा ते साडेबारा ऊन. पागेत त्यांनी तीन थर्मामीटर टांगले होते आणि तिघांची सरासरी काढायची असं ठरवलं होतं.

मी फोन केला. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: थंडीमुळे मुलांच्या शाळा बंद, मग घोड्यांनी काय पाप केलं? मी म्हटलं, मुलांच्या अंगावर केस नसतात. ते म्हणाले, मुलांच्या अंगावर स्वेटर असतो. मी फोन ठेवला, आणि त्या स्वेटरचा राग मला पुढे बरेच दिवस होता.

आता ज्यांचा घोड्याशी संबंध वरातीपुरता आला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. हिवाळ्यात घोड्याचे केस दाट होतात. थंडी वाढली की ते ताठ उभे राहतात आणि मध्ये हवा कोंडून धरतात. हा त्याचा स्वेटर. शिवाय त्याच्या पोटात शेगडी असते. सुकं गवत पचताना जी ऊब तयार होते ती चंदीने, म्हणजे दाण्याने, मिळत नाही. म्हणून थंडीत दाणा वाढवायचा नाही, गवत वाढवायचं. असा घोडा अंगाने कोरडा असेल, वाऱ्याला आडोसा असेल, तर भोपाळची थंडी त्याला गुदगुल्या करण्यापलीकडे काही करू शकत नाही. त्याला बाधतात वेगळ्याच गोष्टी. दिवसभर एका जागी उभं राहणं. थंड पाणी तो कमी पितो, हालचाल नसली की आतडी मंदावतात, आणि पोटशूळ उठतो. दुसरं म्हणजे कोंदट पागा. घोडा खाली तोंड करून खातो, आणि खालीच मूत मुरलेलं असतं. त्याचा वास फुफ्फुसात जाऊन तो खोकायला लागतो.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तक्त्यात "सुके गवत जास्त द्यावे" अशी ओळ घातली. बाकी तक्ता तसाच.

या सगळ्यात लोकांनाही ऊत आला. ग्रुपवर घोड्यांसाठी च्यवनप्राश द्यावा का, अशी चर्चा झाली. साकेत नगरच्या एका बाईंची मुलगी घोडेस्वारी शिकायला यायची. त्यांनी बादल नावाच्या घोड्यासाठी लोकरीची टोपी विणली, कानांना दोन भोकं ठेवून, वर जांभळा गोंडा. बादल हा शर्यतीतून निवृत्त झालेला, उंच, देखणा आणि अर्धवट. टोपी त्याला शोभली. अर्ध्या तासाने त्याने ती मान हलवून खाली पाडली आणि बघता बघता गोंड्यासकट अर्धी खाल्ली. बाईंना सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी सांगितलं की त्याला फार आवडली.

आत कोंडल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी बन्नेमियाँचा फोन आला. बादल जमिनीवर पाय आपटतोय, वळून वळून कुशीकडे बघतोय, खाली बसतोय आणि उठतोय. पोटशूळ. मी पोचले तोवर त्याच्या अंगाला घाम सुटला होता. नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, आणि बन्नेमियाँनी त्याला हळूहळू चालवायला घेतलं. पोतनीससाहेबांचा संशय टोपीवर होता. मी म्हटलं, टोपीही असेल, पण टोपी एकटी नव्हती. पाच दिवसांचं उभं राहणं तिच्या सोबतीला होतं. तीन तासांनी बादलने लीद टाकली. लिदीत जांभळी लोकर होती. आमच्या धंद्यात आनंदाचे क्षण असे असतात, लोकांना सांगण्यासारखे नसतात.

घोडा वाचला, पण साहेब तक्ता सोडेनात. मग मी जरा लबाडी केली.

त्यांना म्हटलं, उद्या सकाळी सहाला पागेतच बैठक घेऊ. दारं उघडायच्या आधी या, म्हणजे रात्रभराचं तापमान तुम्हाला स्वतः बघता येईल. तापमान म्हटल्यावर ते नाही म्हणणार नव्हते. बन्नेमियाँना सांगून ठेवलं की साहेब येईपर्यंत झाडायचं नाही, आणि बसायला खुर्च्या न ठेवता दोन बुटके मोढे ठेवायचे. बन्नेमियाँनी का म्हणून विचारलं नाही. फक्त मिशीतल्या मिशीत हसले आणि मोढे बादलच्या शेजारी, अगदी कोपऱ्यात मांडले.

साहेब वेळेवर आले, मफलर-कानटोपीत. आम्ही आत शिरलो, बन्नेमियाँनी बाहेरून दार ओढून घेतलं. मी थर्मासमधून चहा ओतला. मोढ्यावर बसलं की माणसाचं नाक गवत खाणाऱ्या घोड्याच्या नाकाच्या पातळीला येतं. साहेबांनी थर्मामीटर वाचले, समाधानाने सरासरी सांगितली, आणि चहाचा पहिला घोट घेतला. मी त्यांना छपराबद्दल विचारलं. मग गोणपाटाबद्दल. मग उगाचच त्यांच्या मुलांबद्दल. पाचव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढून पुसला. आठव्याला रुमाल बाहेर आला. त्यांना वाटलं की धुक्यामुळे डोळे चुरचुरतायत. माझेही डोळे गळत होते, पण मी सरकारी नोकरीत म्हशींबरोबर बत्तीस वर्षं काढली होती.

"डॉक्टर," ते शेवटी म्हणाले, "हा वास कसला आहे?"

"रात्रभराच्या मुताचा. आपण दहा मिनिटं बसलोय, हे सहा दिवस बसलेत."

ते उठले, दार ढकललं आणि बाहेर धुक्यात जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. पण माणूस हाडाचा इंजिनिअर. दोन-चार श्वास घेतल्यावर वळून त्यांनी पागेच्या छपराकडे पाहिलं आणि गरम हवा कुठून निघायला हवी ते मलाच समजावून सांगायला लागले. त्याच आठवड्यात त्यांनी भिंतींच्या वरच्या दोन-दोन विटा काढवल्या, गोणपाट फेकून दिलं, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले की घोड्याला थंडीपेक्षा कोंदट हवेचं भय जास्त. जणू हे त्यांना कारखान्यातच कळलं होतं. घोडे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बाहेर जाऊ लागले. धुक्यात नऊच्या नऊ उधळले, बादल तर चारी पाय एकदम हवेत टाकून नाचला.

इथे थांबले असते तर ही माझ्या शहाणपणाची गोष्ट झाली असती.

झालं असं की जिंकण्याची मला चटक लागली. मी ग्रुपवर माझा नियम टाकला. घोडे आठ ते पाच बाहेर, हवा कशीही असो, आणि मला विचारल्याशिवाय कुणीही ते आत घ्यायचे नाहीत. तक्त्याची इतके दिवस टिंगल करणारी मी, माझा तक्ता एका ओळीचा होता एवढाच फरक. बन्नेमियाँनी तो कुणाकडून तरी वाचून घेतला आणि नेहमीप्रमाणे आभाळाकडे पाहिलं.

आठवड्याभराने माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. भोपाळातल्या मराठी बायका हळदीकुंकवाला येतात तेव्हा कुणाची मुलगी कुठे लागली इथपासून कुणाचा नवरा कशाने आजारी इथपर्यंत सगळा हिशेब होतो, त्यामुळे गर्दी असते. सकाळीच पोतनीससाहेबांचा फोन येऊन गेला होता. ढग दिसतायत, आज आत ठेवू या का, असं त्यांनी नरमाईने विचारलं होतं. मी हसून म्हटलं होतं, साहेब, पुन्हा तक्ता काढलात का?

अडीच वाजता बन्नेमियाँचा फोन. वारा फिरलाय, पूरबेकडून येतोय, घोडे आत घेऊ का? खरं सांगते, त्या क्षणी मला वाऱ्याचं काही पडलं नव्हतं. साहेबांचं खरं ठरेल याचं पडलं होतं. मी म्हटलं, पाचपर्यंत राहू द्या. साडेतीनला पुन्हा फोन. थेंब पडायला लागले आहेत. मी हातात तिळगुळाचं तबक घेऊन उभी होते. थांबेल पाऊस, म्हणाले, आणि फोन ठेवला.

पाऊस थांबला नाही. हिवाळ्यातल्या या पावसाला मावठा म्हणतात. गव्हाला तो सोन्यासारखा, घोड्याला मात्र नाही. उभे राहून हवा कोंडणारे केस भिजले की अंगाला चिकटतात, स्वेटर गेला. वर वारा. हे मी दुसऱ्यांना किती वेळा शिकवलं असेल. चार वाजता खिडकीवर पाणी आडवं मारायला लागलं तेव्हा मी तबक खाली ठेवलं. बायकांना तसंच सोडून, नेसत्या इरकलीत, कपाळावर हळदीकुंकू घेऊन मी गाडी काढली. कोलार रोडवर सगळं तुंबलेलं. पोचायला सव्वापाच झाले.

घोडे आत होते. साहेबांनी आणले होते. पाऊस बघून ते स्वतःच निघाले आणि अध्यक्ष म्हणून हुकूम दिला. आठ घोडे फाटकाशीच गोळा झाले होते, ते धावत आत गेले. मैना मात्र कुरणाच्या पार टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी होती. म्हाताऱ्या जनावराच्या अंगावर चरबी कमी असते. ते एकदा गारठलं की चालणंच सोडून देतं. साहेब आणि बन्नेमियाँ दोघांनी तिला पुढून ओढत, मागून रेटत आणलं होतं. मी आत गेले तेव्हा दोघांचं वय मिळून एकशेचाळीस भरेल अशी ती माणसं नखशिखांत भिजून, हातात गवताचे बोळे घेऊन तिचं अंग चोळत होती. ती थडथड कापत होती. कानाचं मूळ हाताला दगडासारखं गार.

मी पदर खोचला. तिचं अंग कोरडं केलं, पाठीवर सुक्या पेंढ्याचा थर घालून त्यावर झूल टाकली, म्हणजे ओल वर निघून जाते आणि ऊब आत राहते. बन्नेमियाँनी कोमट पाणी आणलं, कोंडा भिजवला. ती बराच वेळ तोंड लावेना. साहेब तिच्या डोक्याशी उभे होते. दिवेलागणीच्या सुमारास तिचं कापणं कमी झालं आणि तिने गवताची एक काडी तोंडात घेतली. मग दुसरी.

मला वाटलं, आता मला कुणीतरी बोलेल. साहेबांनी फक्त विचारलं की उद्या किती वाजता याल. बन्नेमियाँ मला गाडीपर्यंत सोडायला आले. दार धरून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर साहिबा, ज़िद घोड़ी की नहीं थी."

आयुष्यात मला साहेब लोकांनी मेमो दिले आहेत. एकही इतका नेमका नव्हता.

मैनेला दुसऱ्या दिवशी ताप चढला. फुफ्फुसाला सूज. बारा दिवस मी सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं दिली. साहेब रोज साडेसातला यायचे, त्यांच्या फेरीच्या वेळेला, आणि मोढा टाकून तिच्यासमोर बसायचे. सातव्या-आठव्या दिवशी मी त्यांना म्हटलं की चूक माझी होती, वाऱ्याचं बन्नेमियाँनी सांगितलं, ढगांचं तुम्ही सांगितलं, आणि मी ऐकलं नाही ते निव्वळ तुमचं खरं ठरू नये म्हणून.

त्यांनी मोढा थोडा पुढे सरकवला. मग म्हणाले, "मी तरी दुसरं काय करत होतो? माझ्या तक्त्याने बादल मरता मरता वाचला. तुमच्या नियमाने मैना. आता तिसरा प्रयोग नको."

मैना वाचली. पण तिचा दम गेला. त्यानंतर तिच्यावर कुणी बसलं नाही. साहेबांना मी दुसरा शांत घोडा सुचवला, त्यांनी ऐकल्यासारखं केलं. ते रोज येतात, मैनेला सैल दोरीने धरतात आणि दोघं पायी कुरणाची एक फेरी मारतात. मला बघून हात हलवतात. मीही हलवते.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पहिल्या कडक थंडीच्या सकाळी काही न ठरवता आम्ही तिघंही पागेशी जमलो. धुकं होतं, वारा नव्हता, आभाळाचा अंदाज येत नव्हता. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही सांगा, आत की बाहेर. ते म्हणाले, छे छे, तो अधिकार तुमचा. मी म्हटलं, अध्यक्ष तुम्ही. ते म्हणाले, डॉक्टर तुम्ही. मग आम्ही दोघांनी बन्नेमियाँच्या अनुभवाची स्तुती केली. पुन्हा एकमेकांची केली. मी दुपारच्या ढगांची शक्यता मांडली, त्यांनी कोंदट हवेचा धोका मांडला, आणि आम्ही दोघंही समोरच्याचं कसं बरोबर आहे ते पटवून देत राहिलो.

बन्नेमियाँ मध्येच कधी निघून गेले ते कळलं नाही. परत आले तेव्हा हात झटकत होते.

"साहब," ते म्हणाले, "घोड़े तो निकल भी गए."

वळून पाहिलं तर दारं उघडी होती आणि आठ घोडे धुक्यात दिसेनासे होत होते. मैना दारात उभी होती. तिने मान लांब करून बाहेरची हवा हुंगली, थोडा विचार केला, आणि सावकाश वळून आत गेली.

"बरं," पोतनीससाहेब म्हणाले, "एक मत विरोधात." आणि ते तिच्यासाठी गवत आणायला गेले.